मशीन अंगठा घेत नाही, मग माणसानं जायचं कुठं? (नागपूर आणि आसपास)

कामठी_रोडवाला (धागाकर्ता) – शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

माझी मावशी कामठीला राहते, वय ७१. चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिनं. ज्यांनी हे काम पाहिलं असेल त्यांना माहीत आहे, तेंदूचं पान ओलं करायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा आणि टोक नखानं आत दाबायचं. दिवसाला हजार-हजार बिड्या. त्यानं तिच्या अंगठ्याची कातडी घासून गुळगुळीत झालेल्या वरवंट्यासारखी झाली आहे, रेघ म्हणून शोधायची तर उजेडात धरावी लागते. आता रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणते. पुन्हा ठेव, पुन्हा नाही. दुकानदार भला माणूस आहे, ओल्या फडक्यानं बोट पुसून देतो, कधी खोबरेल लावायला सांगतो, उजवा अंगठा झाला की डावा, मग तर्जनी, मग मधलं बोट, आणि मागे रांग उभी. ओटीपीचा मार्ग होता पण कार्डाला नंबर जोडलेला तो मावसाजींचा, ते जाऊन तीन वर्षं झाली, सिम कधीच बंद पडलं.

दोन महिने धान्य नाही मिळालं तिला. आणि आम्हाला सांगितलं पण नाही! मी सहज गेलो तर डबा रिकामा दिसला म्हणून विचारलं. तर म्हणते, "माझाच हात खराब झाला न बापा, त्यात मशीनचा काय दोष."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिलं. ज्या हातानं तिनं दोन पोरी शिकवल्या तो हात खराब, आणि मशीन बरोबर.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, माझं स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पण एकामागून एक गोष्टी येऊन राहिल्या आहेत, सिग्नलवर कॅमेरे, एआयवाले पोलीस, स्मार्ट मीटर, ॲपवर कामं, आणि प्रत्येक वेळी विचार फक्त चालू कसं करायचं याचा होतो. चुकलं तर कोणाकडे जायचं हे कोणी ठरवतच नाही. आमच्या मोहल्ल्यातले दहा-बारा जण मिळून एक निवेदन द्यायचा विचार आहे. त्यात नेमकं काय मागावं? तुमचे अनुभव सांगा, कायद्यातलं कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

---

सक्करदरा_एक्स्प्रेस – रात्री ९:५८

भाऊ, आमच्या शेजारच्या आजीचं सेम टू सेम. त्या भांडी घासतात. हिवाळ्यात हात फुटले की दोन महिने बोट लागतच नाही.

---

निवृत्त_पुरवठा – रात्री १०:३०

भाऊ, मी पुरवठा खात्यात आयुष्य काढलं, त्यामुळे थोडं अधिकारानं सांगतो. मावशींना परत पाठवायचं नव्हतंच. केंद्र सरकारनं २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना लेखी सूचना दिली आहे की आधार नाही, नेटवर्क नाही किंवा बोट जुळत नाही एवढ्या कारणावरून कोणाचं धान्य अडवायचं नाही. रेशनकार्ड आणि आधारकार्ड प्रत्यक्ष बघायचं, वेगळ्या अपवाद नोंदवहीत नोंद करायची आणि धान्य द्यायचं. पुढे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा आधारवरचा निकाल आला, त्यातही ठसा जुळला नाही म्हणून कोणी हक्काच्या लाभापासून वंचित राहू नये हीच काळजी आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नावर. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि त्यात दाद मागायची वाट लिहूनच ठेवलेली आहे. कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्याच्यावर कलम १६ प्रमाणे राज्य अन्न आयोग. कलम २९ मध्ये दक्षता समित्या, अगदी दुकानाच्या पातळीपर्यंत. कलम ८ तर असं म्हणतं की धान्य मिळालं नाही तर त्याबदल्यात भत्ता द्यावा लागेल. फोनवर तक्रार करायची असेल तर १९६७.

मी नोकरीत असताना दक्षता समितीच्या बैठका पाहिल्या आहेत. जिथं चार बाया नियमानं येऊन बसायच्या तिथं दुकान सुतासारखं सरळ चालायचं. जिथं समिती फक्त सहीपुरती तिथं काहीच नाही. कायद्यात लिहिलेलं आपोआप चालत नाही हो, कोणीतरी जाऊन बसावं लागतं.

---

धंतोली_चार्टर्ड – रात्री ११:०५

मावशींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एक दुसरी बाजू मांडू का? मशीन येण्याआधी काय होतं ते आपण विसरून राहिलो. माझे वडील हमाल होते. महिन्यातले वीस दिवस दुकानावर "माल आला नाही" ही पाटी, आणि रात्री पोती भरून गाडी जायची. रजिस्टरवर आमचा अंगठा कोणीतरी स्वतःच मारून टाकायचं. म्हणजे तेव्हा सगळीकडे माणूसच होता, आणि माणूसच खात होता. मशीन आल्यापासून निदान आपल्या नावावर दुसऱ्यानं उचल केली तर कळतं तरी. आणि एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून २०२२ पर्यंत सगळी राज्यं जोडली गेली, आमच्या साइटवर छत्तीसगडचे मजूर आहेत, ते इथं नागपुरात आपलं धान्य उचलतात. हे वहीवर कधीच झालं नसतं.

म्हणून निवेदनात "मशीन काढा" असं काही लिहू नका एवढीच विनंती.

---

कामठी_रोडवाला – रात्री ११:२०

@धंतोली_चार्टर्ड, शंभर टक्के पटलं. मशीन काढा म्हणणारच नाही. आमच्या घरीही ते दिवस पाहिले आहेत. @निवृत्त_पुरवठा काका, खरं सांगतो, ही अपवाद नोंदवही म्हणून काही असते हे मला आज कळलं. आणि दुकानदाराला माहीत असेल असंही वाटत नाही. सोमवारी जातो.

---

पराटीवाला – रविवार, सकाळी ६:१५

मी हिंगणघाटकडचा, कास्तकार माणूस. रेशनचं मले जास्त कळत नाही पण भाऊनं जे विचारलं न, नवीन गोष्ट आणताना चुकलं तर काय याचा विचार काहून होत नाही, त्याच्यावर मले कापसाची गोष्ट सांगाची हाय. आमच्या इकडं या एका चुकीनं किती घरं बसली ते मी डोळ्यानं पाह्यलं.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाले, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळी मारायचं विष असते त्या कापसाले, परवानगी भेटली. २००६ मध्ये दोन जीनवालं बीजी-२ आलं. पहिले काही वर्षं सांगतो, सोनं होतं. फवारे कमी झाले, बोंडं भरून आली. पाकीट यायचं ४५० ग्रॅमचं, अन् त्याच्यासंग एक छोटी पुडी, १२० ग्रॅमची, साध्या बिनबीटी सरकीची. त्या पुडीवर लिहून राहे की हे शेताच्या कडेनं चारही बाजूनं लावा. आमच्यापैकी कोणी लावली? मी नाही लावली. बाबूजीनं ती पुडी बैलाच्या ढेपीत टाकली. कोणी धुऱ्यावर फेकली.

कोणी समजावलंच नाही की ती पुडी कायले देली. मले २०१७ नंतर एका कृषी सहायकानं झाडाखाली बसून सांगितलं तवा डोक्यात उजेड पडला. हजारात एखादी अळी अशी निघते की बीटीचं विष तिले पचते. तिचा पतंग होते. आता बाजूले जर साधी पराटी, म्हणजे बिनबीटी कापूस, असली तर तिच्यावर साध्या अळ्या जगतात, त्यायचे पतंग होतात, अन् या विष पचवणाऱ्या पतंगाचा मेळ त्यायच्यासंग लागते. मग जी पिल्लं होतात ती पुन्हा बीटीनं मरतात. साधी पराटीच नसली तर? पचवणारा पचवणारीसंगच मेळ करणार, अन् सगळी पिल्लं पचवणारीच निघणार. एवढी सोपी गोष्ट, अन् एवढी मोठी.

२०१७ ले आमच्या वावरात डोमकळ्या दिसल्या. ज्यानं पाह्यलं नाही त्याच्यासाठी सांगतो, कळी उमलतच नाही, पाकळ्या एकमेकाले चिकटून गुलाबाच्या फुलावानी गोल दिसतात. दिसाले सुंदर दिसते. बोटानं उकलली की आत गुलाबी अळी बसून. मी त्या दिवशी एका तासात दोनशे कळ्या उकलल्या असतील. त्याच साली यवतमाळकडं फवारताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर मेले, तेही आठवा.

आता फक्त आमच्या आळसानं झालं असं कोणी म्हणू नका. पाच एकरवाल्यानं एक एकर अळीले खाऊ घालायची, अन् फायदा सगळ्या गावाचा, तर एकटा कोण करते? पुडीतलं बी कधी उगवे, कधी नाही. बीटी फुलावर यायच्या टायमाले साधी पराटी फुलावर नाही. वरून आम्ही फरदड घेत होतो, मार्चपर्यंत पराटी उभी, म्हणजे अळीले वर्षभर खायले.

---

गृहिणी_मानेवाडा – सकाळी ८:०२

दादा, तुमची पोस्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवली. डोमकळीचं ऐकून सासूबाई गप्पच झाल्या, त्यांचं माहेर कळंबचं.

मग सुधारलं की नाही पुढे?

---

पराटीवाला – सकाळी ८:४०

सुधारलं ताई, पण गावानं मिळून केलं तवाच. सरकारनं जूनच्या आधी बियाणं विकायचं नाही असं ठरवलं, म्हणजे लवकर पेरणी नाही, लवकर फूल नाही, अळीले पहिला घास भेटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पराटी उपटाची, फरदड बंद. जिनिंगमध्ये सरकीतून पतंग निघतात म्हणून तिथंही सापळे. वावरात एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग सापडले तरच फवारा मारायचा, मनात आलं म्हणून नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, जी १९७६ पासून हाय, तिथले लोक गावोगाव फिरले. पण हे सगळं पंधरा वर्षं लेट.

माझं म्हणणं इतकंच हाय भाऊ, कोणती बी नवीन गोष्ट आली की तिच्यासंग एक छोटी पुडी येते. सांभाळायची पुडी. ती काय हाय, कायले हाय, हे पह्यल्या दिवशी समजावून सांगा, अन् जो लावते त्याचं नुकसान भरून द्या. तुमच्या मावशीची नोंदवही म्हणजे तीच पुडी झाली न.

---

अकोटकडचा_शेतकरी – सकाळी १०:११

पराटीवाले दादा, तुमचं दुःख माझंच आहे पण मला दुसरी भीती वाटते. "सांभाळून आणा" म्हणता म्हणता ते येतच नाही हो. तणनाशक सहन करणारं बियाणं जगात कितीतरी वर्षं चालू आहे, आपल्याकडे परवानगी अडकून पडली. झालं काय? बंद झालं का? नाही. चोर बीटी म्हणून आलं. बिल नाही, पाकिटावर नाव नाही, उगवलं नाही तर तक्रार नाही. १० जून २०१९ ला आमच्या अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेनं उघड पेरून दाखवलं, ते याच रागातून. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, अशा माणसाला दिल्लीतल्या समितीनं दहा वर्षं थांब म्हणायचं हेही नुकसानच आहे, ते कोणी मोजत नाही एवढंच.

तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला पाहिजे.

---

पराटीवाला – सकाळी १०:५०

दादा स्वातंत्र्य पाह्यजेच, याच्यात भांडण नाही. पण चोर बीटीनं गावात काय केलं ते पाहा, ज्याचं फसलं तो ठाण्यातही जाऊ शकत नाही, तोच गुन्हेगार ठरते. म्हणजे अडवून ठेवणाऱ्यानंही पुडी फेकली, अन् चोरून आणणाऱ्यानंही. लवकर ठरवा, उघड ठरवा, एवढंच माझं मागणं.

---

मिहान_नाइट_शिफ्ट – दुपारी १२:३५

रात्रपाळी करून उठलो आणि हा धागा वाचला, चहा गार झाला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, थोडं माझ्या बाजूचं लिहितो.

पराटीवाले काका आणि अकोटचे दादा ज्यावरून बोलून राहिले त्याला अभ्यासक लोक कॉलिंग्रिज पेच म्हणतात. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या ब्रिटिश माणसानं १९८० मध्ये मांडला. साध्या भाषेत असं, की गोष्ट नवीन असते तेव्हा ती बदलणं सोपं असतं पण परिणाम माहीत नसतात, आणि परिणाम कळतात तोपर्यंत ती इतकी रुजलेली असते की बदलणं महाग पडतं. ओल्या सिमेंटसारखं. म्हणून हुशारी भविष्य ओळखण्यात नाही, कारण ते कोणालाच जमत नाही. हुशारी यात आहे की वस्तू अशी बनवा की चूक लवकर दिसेल आणि परत फिरता येईल.

हे माझ्या कामात मी रोज बघतो. आम्ही एखादी सिस्टीम बनवतो तेव्हा "बरोबर चाललं तर" याचे पन्नास स्क्रीन बनतात आणि "नाही चाललं तर" याला एक स्क्रीन, त्यावर लिहिलेलं असतं पुन्हा प्रयत्न करा. मावशींनी दोन महिने तोच स्क्रीन पाहिला. मला वाचताना खरंच लाज वाटली, कारण तसा स्क्रीन मी स्वतः लिहिलेला आहे.

जगात यावर प्रयत्न चालू आहेत. युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला, त्यात धोक्याप्रमाणे वर्गवारी आहे. गाणी सुचवणाऱ्या एआयला फार नियम नाहीत, पण नोकरी, कर्ज, सरकारी लाभ, पोलीस अशा ठिकाणी वापरलं तर कडक नियम, नोंदी ठेवा, माणसाची देखरेख ठेवा. आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. दंड २५० कोटींपर्यंत आहे.

आणि नागपूर तर यात अगदी पुढे आहे. राज्य पोलिसांसाठी एआयचं काम करणारी मार्व्हल कंपनी सरकारनं २०२४ मध्ये इथंच स्थापन केली. शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण २०२५ मध्ये मंजूर झालं, पहिल्या ३ वर्षांसाठी ५०० कोटी. एक चांगलं उदाहरण पण सांगतो, आयरास्ते. २०२१ मध्ये आपल्या महापालिकेच्या बसेसवर समोर बघणारे कॅमेरे बसवले, समोरची गाडी किंवा माणूस फार जवळ आला की ड्रायव्हरला आवाज देऊन सावध करणारे. आणि कुठं कुठं वारंवार असं होतं त्याचा नकाशा करून, तिथं अपघात व्हायच्या आधीच रस्ता दुरुस्त करायचा, ही कल्पना. मला यातलं आवडलेलं हे की मशीन आधी माणसाला सांगतं, परस्पर निकाल देत नाही. तेच कॅमेरे फक्त पगार कापायला लावले असते तर ड्रायव्हरांनी महिन्याभरात त्यावर चिकटपट्टी लावली असती.

---

मिलवाल्याचा_नातू – दुपारी २:२०

ओल्या सिमेंटवरून आठवलं. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, रिंग खात्यात. आपल्या नागपुरात नवीन तंत्रज्ञान काही एआयपासून नाही आलं, १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ही मिल सुरू केली तेव्हाच आलं. सूत कातायच्या ज्या नव्या रिंग स्पिंडलबद्दल इंग्लंडच्या गिरण्या साशंक होत्या ते इथं लावून पाहिलं आणि जमलं. पण त्याच मिलमध्ये १८८६ ला पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ ला अपघात झाला तर भरपाई. त्या काळात कायद्यानं कोणी मागितलं नव्हतं. म्हणजे मशीन आणि सांभाळायची पुडी एकाच दाराने आत आली होती.

पण दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर अर्धीच गोष्ट होईल. मिलच्या भोंग्याच्या पलीकडे, इतवारी-पाचपावलीकडच्या हातमागवाल्या कोष्ट्यांसाठी कोणता फंड होता? त्यांचं सूत बदललं, बाजार बदलला, नंतर पॉवरलूमनं उरलंसुरलं नेलं. आणि शेवटी मिलसुद्धा २००२ ला बंद पडली, आज त्या जागेवर मॉल आहे. आजोबा त्या मॉलमध्ये एकदाच आले, सरकत्या जिन्यापाशी थांबले आणि म्हणाले, "इथं आमचं कार्डिंग होतं." म्हणजे कापूस पिंजायचं खातं. मग खाली येऊन बाकावर बसले.

जो आत आहे त्याचं तरी बघितलं जातं, जो दाराबाहेर आहे त्याचं नाही. निवेदनात दाराबाहेरच्यांचं काहीतरी असू द्या.

---

नंदनवन_रायडर – दुपारी ४:०५

दाराबाहेरचा मी. 🙋 डिलिव्हरी करतो, ॲपचं नाव नाही घेत.

मागच्या मे महिन्यात, ४५ डिग्री, दुपारी दीड वाजता धरमपेठेत ऑर्डर द्यायला गेलो, कस्टमरनं फोन उचलला नाही, वीस मिनिटं उन्हात उभा. सिस्टीमनं धरलं की मी ऑर्डर पोचवली नाही. संध्याकाळी आयडी बंद. का बंद, कोणी केली, कोणाला विचारायचं, काही नाही. चॅटमध्ये लिहिलं तर तेच ते उत्तर, "तुमच्या भावना आम्ही समजतो." पाच वेळा लिहिलं, पाच वेळा अक्षर न अक्षर तेच. मग कळलं की समोर माणूसच नाही. सहा दिवसांनी आपोआप सुरू झाली, तेव्हाही कारण नाही. सहा दिवसांचा हप्ता मित्राकडून घेऊन भरला. घरी आईला सांगितलं गाडी बिघडली.

आणि अंतर! रेल्वे पटरीच्या पलीकडचं गिऱ्हाईक नकाशावर दोन किलोमीटर दाखवते, पुलावरून फिरून गेलं की चार. पैसे दोनचे. वर्षभर सांगून राहिलो.

---

मिहान_नाइट_शिफ्ट – दुपारी ४:३०

@नंदनवन_रायडर भाऊ, यावर थोडं माहीत आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे तुझ्यासारखे पगारी नोकरीबाहेर सुटी कामं करणारे, धरले होते आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज होता, म्हणजे तू एकटा नाहीस. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांच्या निधीत द्यायचे आहेत. ई-श्रम या सरकारी कामगार नोंदणी पोर्टलवर नोंद केली नसेल तर आजच कर. राजस्थाननं २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकनं २०२५ मध्ये. कर्नाटकच्या कायद्यात कामावरून काढताना लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यायची आहे, आणि कामगाराला बोलायला माणूस पाहिजे हेही आहे. महाराष्ट्रात हेच मागायला पाहिजे.

---

इतवारीची_सून – संध्याकाळी ७:१५

माणूस समोर असण्यावरून मला सांगायचंच आहे. मागच्या वर्षी माझ्या सासऱ्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, टेबल, सगळं खऱ्यासारखं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये बंदी असलेलं सामान सापडलं, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीचं दार लावा, कोणाशी बोलायचं नाही. बाबा ३४ वर्षं मास्तर होते, कायद्याला घाबरणारा माणूस. त्यांनी खरंच दार लावलं. मी चहा नेला तर आतून म्हणाले, तब्येत बरी नाही, ठेव तिथंच. दोन तासांनी गेले तर कप तसाच, वर साय जमलेली. मला वाटलं झोपले असतील. मागच्या दारानं ते बँकेत गेले होते, फोन खिशात चालूच.

वाचवलं कोणी माहीत आहे? खिडकीवरच्या पोरीनं. एफडी मोडायचा फॉर्म बघून ती म्हणाली, "काका, एवढे एकदम काहून काढता? आणि तुम्हाला घाम काहून येऊन राहिला?" बाबा काहीच बोलले नाहीत, नुसता खिशाकडे हात नेला. तिनं खुर्चीवरून उठून फोन काढून घेतला आणि बंद केला. एवढंच. कोणत्या मशीननं नाही ओळखलं, तिनं घाम पाहून ओळखलं.

सगळ्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा, डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पण मन की बातमध्ये सांगितलं होतं. पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावा.

त्या शाखेत आता दोनच खिडक्या उरल्या आहेत, बाकी सगळं मशीनवर. ती पोरगी नसती तर?

---

सक्करदरा_एक्स्प्रेस – संध्याकाळी ७:३१

अंगावर काटा आला ताई. बाबा आता बरे आहेत न?

---

इतवारीची_सून – संध्याकाळी ७:४०

हो, बरे आहेत. पण फोन वाजला की अजूनही आधी माझ्याकडे बघतात.

---

आवाजावर_चालणारा – रात्री ८:५०

मी पूर्ण अंध आहे, हे सगळं मोबाइल वाचून दाखवतो आणि मी बोलून टाइप करतो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. मला तंत्रज्ञानानं पाय दिले असं म्हणेन. पूर्वी नोटा मोजून घ्यायला दुसऱ्याची नजर लागायची, आता यूपीआयनं मी सीताबर्डीत एकटा भाजी घेतो, किती आले किती गेले फोन कानात सांगतो.

पण नवीन खातं उघडायला गेलो तर व्हिडिओ केवायसीत (व्हिडिओवर ओळख पटवतात ती) म्हणे डोळे मिचकावा, जिवंत आहात हे कळू द्या. माझे डोळे लहानपणीच काढले आहेत. मी काय मिचकावू? तीन वेळा अर्ज रद्द. अशाच तक्रारी घेऊन ॲसिड हल्ला झालेल्या बाया आणि एक अंध वकील सुप्रीम कोर्टात गेले आणि ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, राज्यघटनेचं कलम २१, असं कोर्टानं म्हटलं आणि २० सूचना दिल्या, त्यात डोळे मिचकावण्याला पर्याय द्या ही पण आहे.

मावशींचं वाचलं तेव्हा हेच मनात आलं. मशीन बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच माणूस असतो, ज्याला डोळे आहेत, ज्याचा अंगठा शाबूत आहे, ज्याच्याकडे चालू सिम आहे. निवेदनात लिहा, की चालू करायच्या आधी आमच्यासारख्या दहा जणांना बोलवा आणि आमच्यावर तपासून बघा. आम्ही फुकट येऊ.

---

निवृत्त_पुरवठा – रात्री ९:२५

तुमची शेवटची ओळ जशीच्या तशी निवेदनात घ्यावी असं मी सुचवतो. आणि वेळ महत्त्वाची आहे. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरवर विदर्भात मोर्चे निघाले ते मीटर घरोघर बसायच्या आधी, म्हणून जूनमध्ये सरकारनं सांगितलं की सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. बसल्यावर निघाले असते तर फार तर बिलाची दुरुस्ती मिळाली असती.

---

कामठी_रोडवाला – सोमवार, रात्री ८:१०

आज जाऊन आलो, सविस्तर सांगतो.

मावशीला घेऊन सकाळीच दुकानात गेलो. काकांनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. दुकानदारानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, भाऊ मला हे कोणी सांगितलंच नाही, मी नोंद केली आणि उद्या तपासणीत माझ्यावरच आलं तर? त्याची भीती खोटी नाही. मग १९६७ ला त्याच्यासमोरच स्पीकरवर फोन लावला, तक्रार नोंदवली, नंबर घेतला. अर्ध्या तासानं त्याला वरून फोन आला. कपाटातून एक कोरी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या, वर "अपवाद नोंद" असं लिहिलं. पहिलं नाव मावशीचं. या महिन्याचं धान्य मिळालं. मागच्या दोन महिन्यांचं नाही मिळालं, त्याचा अर्ज कलम ८ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे उद्या देतो. मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म पण भरला.

मावशीनं सही केली. अंगठा नाही, सही. वाकडी-तिकडी, पण नाव पूर्ण.

आम्ही तिथं असतानाच मागून आणखी तीन बाया पुढं आल्या. एक वीटभट्टीवर काम करणारी, एक धुणीभांडीवाली, एकीचे मधुमेहानं बोटांचे ठसे गेलेले. त्यांची नावं त्याच वहीत खाली लिहिली गेली. म्हणजे त्या रोज परत जात होत्या आणि आम्हाला माहीतच नव्हतं.

निवेदनात आता हे घेतलं आहे: प्रत्येक दुकानावर अपवाद नोंदवही आणि १९६७ नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर, दक्षता समितीची बैठक दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, कोणतीही नवी मशीन किंवा ॲप सुरू करण्याआधी अंध, वृद्ध, हाताचं काम करणाऱ्या लोकांवर तपासणी, आणि जिथं मशीन नाही म्हणते तिथं त्याच दिवशी निर्णय देऊ शकेल असा एक माणूस, नाव आणि फोनसकट. रायडर भाऊचं लेखी कारणाचं मागणं वेगळ्या पानावर, कारण ते कामगार खात्याकडे जाईल. पराटीवाले काका, तुमचं पुडीचं उदाहरण पहिल्याच परिच्छेदात टाकलं आहे, चालेल न?

रविवारी सकाळी १० वाजता आमच्या समाज मंदिरात वाचन आहे. ज्यांना यायचं त्यांनी इथं कळवा, पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.

---

पराटीवाला – रात्री ८:५५

चालते न भाऊ. मी येतो, पह्यल्या एसटीनं निघतो. बाबूजी पण येतो म्हणून राहिले.

---

नंदनवन_रायडर – रात्री ९:०३

रविवारी सकाळी ऑर्डर जास्त असतात पण येतो. सोबत चार पोट्टे आणतो, सगळ्यांच्या आयडी बंद होऊन गेल्या आहेत कधी न कधी. स्क्रीनशॉट प्रिंट काढून आणू का?

---

कामठी_रोडवाला – रात्री ९:०६

आण, तारीख दिसेल असे आण. झेरॉक्स माझ्याकडे होईल.

---

आवाजावर_चालणारा – रात्री ९:२०

कामठीला मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत येईन, तिथून कोणी घ्यायला येईल का?

---

इतवारीची_सून – रात्री ९:२४

मी आणि बाबा गाडीनं येऊन राहिलो दादा, पावणेदहाला चौकात थांबतो.